सहावा फर्मा

टेबलाखाली झाडू घातला तो कशाला तरी अडला. तिने वाकून पाहिलं. सहाव्या फर्म्याची अख्खी थप्पी. पाचशेच्या पाचशे, तिने ठेवले होते तसेच. आणि पुस्तकं तर सकाळीच टेम्पोत भरून गेली होती.

ती बाइंडिंगच्या कारखान्यात घड्या घालायची. छापून आलेल्या मोठ्या कागदाच्या घड्या पडल्या की सोळा पानांचा एक फर्मा होतो. फर्म्यांच्या थप्प्या लांब टेबलावर ओळीने मांडतात. बायका टेबलाच्या कडेने चालत एकेक फर्मा उचलतात आणि टोकाला पोचेपर्यंत पुस्तक जुळतं. हात चालतात, डोकं घरच्या चुलीपाशी असतं. मधली थप्पीच नसली तर हात पुढच्या थप्पीवर पडतो. तसंच झालं होतं. पान ऐंशी, आणि त्याच्यापुढे एकदम सत्त्याण्णव.

चूक तिचीच. पुस्तक होतं स्वमग्न मुलांना समजून कसं घ्यावं, सांभाळावं कसं, याचं. शिक्षण खात्याच्या वरच्या कचेरीने शाळांमधल्या बाईंसाठी काढलेलं. घडी घालता घालता एका ओळीवर तिची नजर पडली. मूल डोकं आपटत असेल तेव्हा त्याला धरू नका.

तिची नऊ वर्षांची मुलगी डोकं आपटायची. भिंतीवर, फरशीवर, कपाळ फुटेपर्यंत. आणि सहा वर्षं सगळं घर तिला धरत होतं. शाळेतही धरलं होतं, दोन बाईंनी मिळून, हात खांद्यातून निखळेपर्यंत. मग शाळेने तिला घरी पाठवलं. "आमच्या बाईंना अशा मुलांचं काही शिकवलेलंच नाही हो," मोठ्या बाई म्हणाल्या होत्या. "त्या तयार झाल्या की घेऊ परत."

तिने त्या सहाव्या फर्म्यांतला एक पिशवीत घातला. घरी वाचायला, एका दिवसापुरता. पण एक फर्मा काढला की एक पुस्तक अपुरं राहतं, आणि ते नेमकं कुणाच्या वाट्याला येईल? म्हणून तो परत आणेपर्यंत तिने अख्खी थप्पीच टेबलाखाली सरकवली. इमानदारी नडते ती अशी.

त्याच संध्याकाळी मुलगी भिंतीवर डोकं आपटायला लागली. सासू धावली. "धर तिला, बघत काय बसलीस?"

"हात लावू नका, आई."

तिने दिवा घालवला. भिंत आणि कपाळ यांच्या मध्ये उशी सारली. हातभर अंतरावर फरशीवर बसली आणि तोंडातून शब्द काढला नाही. पानात लिहिलं होतं तेवढंच केलं.

"पोरगी मरतेय आणि ही बसलीय मख्खासारखी," सासू दारातून म्हणाली. "कागद वाचून पोरं वाढवायची का आता?"

दहा मिनिटं. मग आवाज थांबला. अंधारात मुलगी सरकत सरकत आली आणि आपला पाय तिच्या पायाला टेकवून आडवी झाली. सहा वर्षांत पहिल्यांदा तिला कुणी दाबून ठेवलं नव्हतं. सकाळी नऊपर्यंत दोघी झोपल्या होत्या. सासूनेही उठवलं नाही.

म्हणून ती उशिरा पोचली. वह्यांची घाई होती, मालकाने तिला तिकडे बसवलं. तिने गुपचूप फर्मा टेबलाखालच्या थप्पीत सरकवला, पण थप्पी वर मांडायची राहूनच गेली. जुळणी कालच्या कालच उरकली होती, हे तिला कुणी सांगितलं नाही.

आता झाडू हातात धरूनच ती मालकापुढे उभी राहिली. "पुस्तकात सोळा पानं कमी गेलीत."

"कुणी बोललं?"

"नाही."

"मग तूच कशाला बोंब मारतेस? रद्दीत टाक. तक्रार आली तर तुझंच नाव पुढे करीन, ध्यानात ठेव."

रद्दीत टाकायच्या ऐवजी तिने थप्पी पोत्यात घालून कोपऱ्यात ठेवली. महिना गेला. दारात टेम्पो थांबला की ती हातातली घडी सोडून बाहेर डोकवायची. तक्रार काही आली नाही. पण शाळा उघडायला चार दिवस उरले, तेव्हा तिला राहवेना. शाळेतल्या बाई याच पुस्तकावरून तयार होणार होत्या, मुलगी परत जाणार होती ती त्यांच्याच हाती, आणि नेमकं तेच प्रकरण त्यांच्या पुस्तकात नव्हतं. नोकरी गेली तर गेली. तिने एकोणीस फर्मे पिशवीत भरले, शाळेत एकोणीस बाई होत्या, आणि मोठ्या बाईंच्या टेबलावर नेऊन ठेवले. सगळं कबूल केलं.

"मालकाला कळलं तर मला काढतील. पण ही पानं बाईंना द्या. एवढी वाचली तरी पुरे."

मोठ्या बाईंनी फर्म्यांना हातही लावला नाही. त्या हसल्या. "अहो, कसली पानं घेऊन बसलात? सगळ्यांचं पुस्तक कधीच वाचून झालं. परीक्षासुद्धा झाली. पेपर वरून आला, वरच्यांनीच तपासला. तुम्ही म्हणताय तोच प्रश्न पहिला होता, मूल डोकं आपटतं तेव्हा काय कराल." त्यांनी कपाटातून गठ्ठा काढून तिच्यापुढे सरकवला. "दहा मार्कांचा. एकोणीस जणींना दहापैकी दहा. आणा सोमवारपासून मुलीला."

तिने वरचा कागद वाचला. मग त्याखालचा. मग आणखी एक. एकीचं बघून दुसरीने लिहिलेलं, अक्षर तेवढं वेगळं. प्रत्येक उत्तराखाली लाल शाईत बरोबरची खूण होती, आणि प्रत्येक उत्तर एकाच ओळीचं होतं: दोघींनी मिळून मुलाला घट्ट धरावे.