आश्विनात सुटलेला पौष

ऋतू आता माणसाच्या आज्ञेत आहेत, असं ऋतुमंडळाच्या अध्यक्षांनी दसऱ्याला जाहीर केलं. आणि दुसऱ्याच दिवशी मंडळाच्या हातून पौषातली थंडी चुकून आश्विनात सुटली.

मंडळाच्या पंचांगात दिवाळीपर्यंत ऊन होतं. त्या भरवशावर धुळा कोकरेनं नेमकी त्याच सकाळी सगळ्या मेंढ्यांची लोकर कातरली होती. दिवस कलताना माळावरचं पाणी गोठू लागलं. बोडक्या मेंढ्या थरथरत एकमेकींत घुसत होत्या. एक कोकरू मान टाकून पडलं.

मंडळाची बाई फोनवर गोड आवाजात म्हणाली, "सोडलेली थंडी परत घेता येत नाही. अजून वाढेल."

"आवं, सकाळपातूर एक बी ऱ्हायची न्हाई," धुळाची बायको बायडा म्हणाली.

दोघांनी मेंढ्यांभोवती उसाचं पाचट रचलं. गोणपाटं संपली, घोंगडी संपली. बायडानं लुगडी फाडून गाभण मेंढ्यांना गुंडाळली. शेवटी धुळानं अंगातला सदरा थोरल्या मेंढीला चढवला आणि कोकरू उघड्या छातीशी धरलं. ते हलत नव्हतं. बायडा त्याचे पाय चोळत राहिली.

बऱ्याच वेळानं कोकराचा कान हलला.

"जगलं!" बायडाला रडू फुटलं. "आता काय करू, सांगा."

धुळाचे दात वाजत होते. "त्या मेंढीच्या खिशात माझी तंबाखू हाय. तेवढी काढून दे."