उरलेला दाणा

"एक दाना गाडग्यात, एक तोंडात. तोंडातला चावून गिळायचा. मागून कोनी कोनाले पुसायचं नाही," रामराव म्हणाला आणि एकेकाच्या हातावर दोन-दोन दाणे ठेवू लागला, एक जवारीचा, एक तुरीचा. "जवारी टाकली तर हा दौलत आपल्यात राहीन. तूर टाकली तर बाहेर. अन् एक जरी तूर निघाली, तरी बाहेर. एकाचंही मन खट्टू असलं तर एका चुलीवर जेवनं नाही."

कारंज्याला लखमीचंदांच्या आडतीच्या दुकानावरच्या माडीत सहा पोरं गाडग्याभोवती बसली होती. दिवाळीची सुटी संपली होती. सकाळच्या गाडीने सगळ्यांना अमरावतीला कॉलेजात परतायचं होतं, म्हणून वळकट्या भिंतीशी रचून ठेवल्या होत्या. अमरावतीला सहा जणांची मिळून एक खोली आणि एक चूल. त्या खोलीतून काढलं की किन्हीराजा गावच्या दौलतचं कॉलेज संपलंच म्हणून समजा. वेगळी खोली घ्यायची ऐपत त्याच्या बापाजवळ कुठली!

आणि त्याचा गुन्हा काय, तर सुटीआधी कॉलेजात हरताळ झाला तेव्हा हा बहाद्दर एकटा वर्गात जाऊन बसला. गैरहजर राहिला असता तर फीची माफी गेली असती. पण हे ऐकून घ्यायला सवड कोणाला होती! रामराव आसेगावच्या पाटलाचा मुलगा, आवाज खणखणीत. त्याने दौलतला गद्दार म्हटलं, मग बाकीच्यांनीही म्हटलं. कैलासचंद जरा हळू म्हणाला, तर सगळे त्याच्याकडे वळून बघायला लागले. मग तोही मोठ्याने म्हणाला.

हा कैलासचंद लखमीचंदांचाच मुलगा, आणि दौलतचा जिवाचा दोस्त. जैनांचं पोर, दिवस बुडाल्यावर अन्नाचा कण तोंडात घालायचं नाही. अमरावतीला सुरुवातीला यावरून पोरांनी त्याची काय थट्टा केली! बिचारा उपाशीच निजायचा. मग दौलत वर्गातून धावत यायला लागला. चूल पेटवायचा आणि दिवस बुडायच्या आत कैलासची भाकर टाकायचा. हरताळाच्या दिवशीसुद्धा त्याने ती टाकली होती, आणि कैलासने खाल्ली होती.

"दौलतलेही दाने देतो. न्याय म्हंजे न्याय," रामराव म्हणाला. दौलतने हात पुढे केला.

गाडगं फिरायला लागलं. कैलासने दोन्ही दाणे मुठीत घट्ट धरले. सारे तूर टाकणार, यात त्याला तिळभरही शंका नव्हती. साऱ्या तुरीत एकच जवारी निघाली तर ती कोणाची, हे आंधळाही सांगेल. मग पुढच्या वेळी गाडगं आपल्यासाठी फिरेल! आणि दौलत तर तसाही गेलाच. आपल्या एका दाण्याने त्याचं काय वाचणार आहे? गाडगं समोर आलं. कैलासने डोळे मिटले आणि तूर टाकली.

खाली अंगुरीबाईंनी, म्हणजे कैलासच्या आईने, कंदील वर पाठवला. दिवस बुडाला होता. पोरं उरलेले दाणे कडकड चावत होती. कैलासने आपला दाणा मुठीतच ठेवला, नंतर कुठेतरी टाकून देऊ म्हणून.

रामरावने धोतर पसरून त्यावर गाडगं उपडं केलं.

पाच जवारी. एक तूर.

शेजारी बसलेला भाऊसिंग दाण्यांकडे बघत राहिला, मग रामरावकडे. "म्हंजे तूही जवारीच टाकली काय बे?"

रामरावचे कान लाल झाले. "अन् तू?"

"मीबी. मले वाटलं, मी एकटाच हावो."

हसावं की रडावं अशी तऱ्हा झाली. हरताळापासून गद्दार गद्दार म्हणून गळे काढले, आणि मनात साऱ्यांच्या जवारी! कैलासने मूठ आणखी आवळली. मग रामरावला राग आला, आणि तो खरा राग होता. "मंग ह्या एका तुरीचा मालक कोन हाये?"

"पुसायचं नाही ठरलं होतं," कैलास कसाबसा बोलला.

"ठरलं होतं! मुठी उघडा साऱ्यायनं."

हात उघडले. सगळे रिकामे. "कैलास, तुई मूठ काहून बंद हाये?" भाऊसिंग म्हणाला.

माझी तूर, माझी, असं ओरडून सांगावंसं कैलासला वाटत होतं, पण त्याने मूठ उघडली नाही. तेवढ्यात दौलत उठून त्याच्यापुढे येऊन बसला.

"त्याले काय पुसता? दिवस बुडाला, तो खात नाही हे माहीत नाही काय? आन बे, तुया वाटचा मी खातो."

कंदिलाकडे पाठ करून त्याने कैलासची बोटं एकेक करून सोडवली. घामाने ओली झालेली पांढरी जवारी तळहातावर होती. दौलतने ती पाहिली. मग कैलासकडे पाहिलं, एकदाच. दाणा उचलून तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

"तूर हाये," तो म्हणाला. "म्हंजे त्यानं जवारीच टाकली. गाडग्यातली तूर माई."

"तुई? काहून बे?" रामराव ओरडला. "आमी सारे तर..."

"तुमी सारे तोंडानं एक बोलले अन् दान्यानं एक. अशायसोबत कसं राहू, बाप्पा?"

त्याने आपली वळकटी खांद्यावर घेतली. घरून आणलेली पिठाची पिशवी मात्र उचलली नाही. कैलास उठला, दोन पावलं पुढे आला, आणि सगळे बघताहेत म्हणून थांबला. दौलत जिन्याशी मागे वळला.

"पीठ ठेवून जातो," तो साऱ्यांना म्हणाला. "कैलासची भाकर दिवस बुडायच्या आत टाकत जा."