डबीतला कान

“बाबा, आता तरी ऐकायचं यंत्र घाला ना कानात!” लेक तिसऱ्यांदा ओरडली, तसे झाडावरचे पक्षी उडाले. “हं?” बाबा म्हणाले. घरी त्यांचा टीव्ही दिवसभर बोंबलायचा, म्हणून बदलीची बातमी निवांतपणे सांगायला तिने त्यांना जंगलातून धबधब्याकडे चालवत आणलं होतं. तुम्हाला सोडून लांब जातेय, हे काय कोकलून सांगायचं? यंत्र मात्र खिशातल्या डबीत! तिने कपाळाला हात लावला. “दगड निसरडेत!” “हं?” तिचा घसा बसला. धबधब्यापाशी दगडावर टेकून बाबांनी डबी उघडली, यंत्र कानात बसवलं. “सेल संपत आलाय. धबधब्यासाठी राखून ठेवला होता,” म्हणत त्यांनी डोळे मिटले. ऐकू देत दोन मिनिटं, म्हणून ती गप्प राहिली. बाबांनी डोळे उघडले, यंत्र काढून डबीत ठेवलं. “संपला. हं, आता बोल, वाटभर काय म्हणत होतीस?”