लहानांची टोपी
नातीने नाणं गिळलं होतं आणि मोठ्या एक्स-रे मशीनपुढे रांग होती. आजोबा स्वतः बनवलेलं छोटं एक्स-रे यंत्र त्याच दवाखान्याला विकायला आलेले. “घरचं असताना रांग कशाला?” ते म्हणाले. तोंडावरची टोपी आणि किरणांचा जोर बदलला, की तेच यंत्र लोखंडी पाइपापासून बाळापर्यंत सगळ्यांचे फोटो काढी. पाइपाचा फोटो पाहून डॉक्टरीणबाई नुकत्याच खूश झालेल्या. आजोबांनी लहानांची टोपी चढवली. “बाबा, दाबा ना!” सून कळवळली. अंगठा बटणावर टेकताच त्यांनी जोराचा काटा पाहिला आणि बॅटरीच उपसली. जोर अजून पाइपाचाच होता. “बॅटरी गेली वाटतं?” डॉक्टरीणबाईंनी आयती सबब दिली. आजोबांनी यंत्र बाजूला ठेवलं. “नाही. जोर बदलायचा राहिला. पोरीला रांगेत न्या. हे विकायचं नाही.” “अहो, वेळेत पाहिलंत की!” “नात होती म्हणून पाहिलं. परक्याचं पोर असतं, तर दाबलं असतं.”