आप्पांच्या गप्पांची डिस्क

ऑफिसात कुणाच्या फाईली उडाल्या की तो हमखास म्हणायचा, "बॅकअप घेतला नव्हता ना? मग भोगा आता कर्माची फळं!"

त्याच्या बायकोने आपल्या वडिलांच्या, म्हणजे आप्पांच्या, शेवटच्या आजारपणात त्यांच्या गप्पा घरच्या कॉम्प्युटरवर रेकॉर्ड केल्या होत्या. कॉम्प्युटर फॉरमॅट करण्याआधी त्याने फोनवर बोलता बोलताच त्या डिस्कवर घेतल्या आणि वर मार्करने ठसठशीत 'आप्पा' लिहिलं.

आज तिचा धाकटा भाऊ आला. आप्पांच्या शेवटच्या दिवसांत त्याला येता आलं नव्हतं. बॅग खाली ठेवायच्या आधीच म्हणाला, "ताई, आधी आप्पांचा आवाज ऐकव."

डिस्क लावली. नावं सगळी दिसली, पण उघडेना एकही. नवऱ्याने नावं निरखून पाहिली. डिस्कवर गेले होते ते डेस्कटॉपवरचे नुसते शॉर्टकट. खऱ्या फाईली कॉम्प्युटरवरच राहिल्या होत्या, आणि त्या त्याने स्वतःच्या हातांनी पुसल्या होत्या.

"काय झालं भाऊजी?"

"डिस्कवर ओरखडा पडलाय," तो बोलून गेला. "हिला शंभरदा सांगितलं, नीट ठेवत जा म्हणून."

भाऊ तोंड धुवायला आत गेला. बायकोने डिस्क काढून खिडकीशी तिरकी धरली. आरशासारखी लख्ख होती.

 

आतला नळ बंद व्हायच्या आत, नवऱ्याकडे न बघता, तिने कपाटाची किल्ली उचलली आणि डिस्कवर एक लांबलचक ओरखडा ओढला.