लिंबाची कुंडी

“ही? एवढीशी?” मामीच्या हातातली कुंडी बघून मामाने तोंड वाकडं केलं. “अगं, झाड लावायचंय की पुदिना?”

नर्सरीच्या मागच्या अंगणात तो एका निळ्या ड्रमवर थाप मारत उभा होता. त्याच्या भाचीचाही जीव त्या ड्रमवरच जडला होता. लिंबाचं रोप तिने पोटाशी धरलं होतं. ते तिच्या आईने लावलेलं. आईबाबांमागे तिच्याकडे तेवढंच उरलं होतं.

कुंडीवरून मुक्काम किती दिवसांचा ते ओळखायला पोर शिकली होती. काकू म्हणाली होती, “लहानच बरी, न्यायला सोपी.” आणि थोड्याच दिवसांत तिची रवानगी आत्याकडे झाली. आत्याने तर कुंडी बदललीच नाही. वाईट कुणीच नव्हतं, सगळ्यांचीच घरं भरलेली होती. आता ती मामाकडे आली होती. मामी उठता बसता खेकसायची, पण तिच्या वेण्या घालताना हात मात्र हलका ठेवायची. पोरीला इथेच राहायचं होतं. विचारायची हिंमत नव्हती, एवढंच.

मामीने रोपाभोवतीची माती चाचपली आणि जुन्या कुंडीहून जेमतेम दोन बोटं रुंद कुंडी पुढे केली. “हीच घ्यायची.”

पोरीने ड्रमवरची नजर काढून घेतली. मग ती शहाण्यासारखी म्हणाली, “चालेल. हलकी आहे. जाताना मला एकटीला उचलता येईल.”

मामाचा हात ड्रमवरच थांबला. मामीने त्याच्याकडे पाहिलं, मग पोरीकडे. साडीची पर्वा न करता ती तिथेच ओल्या मातीत उकिडवी बसली.

“कुठे जाताना?” ती खेकसलीच, पण आवाज नीट लागला नाही. “अगं वेडाबाई, एवढ्याशा रोपाला एकदम ड्रममध्ये घातलं तर माती ओलीच राहते, मुळं कुजतात. कुंडी एकेक माप वाढवायची असते. यंदा ही. हिच्यात मुळं मावेनाशी झाली की पुढची. मग तिच्या पुढची. तू कॉलेजात जाशील ना, तेव्हा आणू हा ड्रम.”

पोर अजून तिसरीत होती.