बिबट्याच्या पिल्लांना तीट

"हात कोणी लावला?" वनरक्षक मयुरीने विचारलं.

कोणीच नाही. सावद्याजवळच्या त्या केळीच्या बागेत कापणीला आलेले सात मजूर, बागेचे मालक कौतिकभाऊ, त्यांची म्हातारी आई इंदिराबाई, सगळ्यांनी माना हलवल्या. वाळक्या पानांच्या ढिगात बिबट्याची तीन पिल्लं सापडली होती आणि म्हणे सकाळपासून एकानेही वाकून पाहिलं नव्हतं. इतका प्रामाणिकपणा एकाच बांधावर जमला की मयुरीला संशय यायचाच.

तिने हातमोजे घालून एक पिल्लू उचललं. कपाळावर काळा ठिपका. दुसऱ्याच्याही. तिसऱ्याच्याही.

"केयीचा चीक व्हय तो, मॅडम," कौतिकभाऊ घाईने म्हणाले. "लागला की निंघत नही."

"तिघांच्याही बरोब्बर मधोमध लागला?" मयुरीने ठिपक्यावरून बोट फिरवलं. हातमोजा तेलकट काळा झाला. "हे काजळ आहे. पिल्लं घरी नेली होती ना? कशाला, विकायला?"

कौतिकभाऊंचं तोंड उतरलं. वन्यजीवाचा गुन्हा म्हणजे चेष्टा नव्हे.

"घरी नही नेली," इंदिराबाई पुढे आल्या. "मीच इथी येऊन तीट लावली. याले कायले धरता?"

"नजर लागू नये म्हणून?" मयुरीचा आवाज जरा मऊ झाला. तिने रुमाल काढला. "आजी, असं चालत नाही. पुसते मी. ऑफिसात डॉक्टर तपासतील, संध्याकाळी पिल्लं परत इथेच आणून ठेवू. रात्री त्यांची आई येऊन नेईल."

इंदिराबाईंनी तिचं मनगट धरलं.

"नजरबिजर काही नही. हेच तिघं परत आनले का, ते ओयखू यावं म्हनून लावली. मांगच्या साली शेजारच्या वावरातून असंच एक पिल्लू नेलं. संध्याकायी आनतो म्हने, पंचनाम्याचा कागदबी देला. पिल्लू काही आलं नही. त्याची माय तीन राती आमच्या घराभोवती हिंडली. लय वाईट वाटलं मले. तिले कोन्ता कागद दाखवू मी?"

मागच्या साली मयुरी इथे नेमणुकीला नव्हती. पण त्या पिल्लाचं पुढे काय झालं, हे तिने ऑफिसात दोनदा विचारलं होतं. दोन्ही वेळा उत्तर वेगळं मिळालं होतं.

तिने रुमाल खिशात घातला आणि फोन लावला. "साहेब, डॉक्टरांनाच बागेत पाठवा. पिल्लं इथून हलवत नाही."

"कोणाच्या आदेशाने?" पलीकडून आवाज चढला.

मयुरीने वळून पाहिलं. इंदिराबाई पिल्लांपाशी मांडी घालून बसल्या होत्या.

"आदेश नाही, साहेब," ती म्हणाली. "पण पंच जागचे हलत नाहीत."